शटरवरचा फोटोवाला

किल्ली फोटोवाल्याच्या बायकोच्या मुठीत होती आणि मूठ काही उघडत नव्हती. समोर हातगाडी. तिच्यावर मातीची भांडी घडवणाऱ्या एका पोरीचं चाक, मातीची पोती आणि एक स्टूल. गाडीवाला दोनदा खाकरला. काल हीच काकू म्हणाली होती, ये उद्या, घे दुकान. आज तिला किल्ली देववेना, कारण शटरवर तिचा नवरा होता.

म्हणजे रंगवलेला. खरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

गिरणी बंद पडली तशी ही बाजारपेठ ओस पडली. एकोणीस शटरं खाली आली ती आलीच. दिवसाढवळ्या त्या रस्त्याने जायला माणसं कचरायची. मग नगरपालिकेने एका पेंटरला धरून आणलं. हा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि याच्या पोटावर पाय आला. त्याने ठरवलं, प्रत्येक शटरवर त्या दुकानात बसणारा माणूस काढायचा, अगदी माणसाच्याच उंचीचा. शिंपी, घड्याळजी, न्हावी, छत्रीवाला. बहुतेक सगळे देवाघरी गेलेले. लोक म्हणाले, हा मेला भुतांचा बाजार भरवतोय.

आणि भरला की! लांबलांबून माणसं बघायला येऊ लागली. माणसं आली की चहा लागतो, म्हणून चहाचं दुकान उघडलं. मग कापडावर छपाई करणारा आला, वाद्यं दुरुस्त करणारा आला. एकेक कुलूप निघत गेलं. गंमत अशी, की शटर वर गेलं की त्यावरचा माणूसही गुंडाळला जायचा. त्याचं कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. शिंप्याच्या मुलाकडे बापाचे पन्नास फोटो होते, सगळे या फोटोवाल्यानेच काढलेले.

फोटोवाल्याचा मात्र एकही नव्हता. अख्ख्या गावाला त्याने 'हनुवटी वर, हलू नका' म्हणून दटावलं, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. त्याच्या लग्नाच्या फोटोत बायको एकटीच उभी आहे. आणि दुकान सोडून घरी थांबेल तर शपथ. आठवड्यात एक बुधवार सुट्टी, तेवढाच तिच्या वाट्याचा. नणंदा तिला 'बुधवारची बायको' म्हणून चिडवायच्या.

त्यामुळे पेंटरपुढे बसून तिने आठ दिवस तो माणूस नुसता तोंडाने सांगितला. नाक जरा डावीकडे घ्या. एक भुवई वर. छे हो, एवढा हसरा नव्हता. आठव्या दिवशी ती तोंडावर हात घेऊन नुसती बघत राहिली. पेंटरने ब्रश खाली ठेवला.

तेव्हापासून ती रोज सकाळी समोरच्या पायरीवर येऊन बसायची. त्या शटरपुढून जाणारे लोक उगाच कॉलर नीट करायचे, नकळत हनुवटी वर घ्यायचे. जुनी गिऱ्हाइकं तर शपथेवर सांगायची, आम्हाला 'हलू नका' असं ऐकू येतं. तिलाही यायचं. दुपार होईपर्यंत ती हलायची नाही.

आता अख्ख्या रांगेत तेवढंच शटर बंद उरलं होतं. शेजारचे गळ घालत होते. पेंटर म्हणाला, काकू, घरच्या भिंतीवर दुसरा काढून देतो. ती म्हणाली, घरात ते कधी टिकले होते? पोरगी म्हणाली, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोटाएवढा नवरा घेऊन मी काय करू, असं म्हणून तिने तेही उडवून लावलं. रात्री शटर खाली येईलच, असं सगळे समजावत होते, पण दिवस मावळला की तिला नीट दिसत नसे. बरं, नाही म्हणावं, तर दुकान बंद ठेवणं त्याला खपलं नसतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? शेवटच्या तापातही तो शटर उघडायला निघाला होता.

पोरीने अखेर सुस्कारा सोडला. जमत नसेल तर राहू द्या काकू, मी दुसऱ्या गावात बघते, म्हणाली. गाडीवाल्याने गाडी वळवायला घेतली.

म्हातारीने शटरकडे पाहिलं. एक भुवई वर करून तो तिच्याकडेच बघत होता. हलू नका. मग ती पायरीवरून उठली आणि पोरीपाशी गेली.

"पोरी, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी ठेवणार?"

पोरगी गोंधळली. तसं काही ठरवलं नव्हतं तिने. तुम्ही म्हणाल तो वार, म्हणाली.

"बुधवार ठेव." म्हातारीने मूठ उघडली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "बत्तीस वर्षं मी एका बुधवारवरच संसार केलाय. पुढचाही निभेल."