मूठभर गहू

राबिगा ट्रकमधून उतरली आणि सरळ चाकांपाशी उकिडवी बसून सांडलेला गहू वेचू लागली.

झानिबेकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला आणायचंच नव्हतं त्याला. यंदा अख्ख्या कझाख माळावर गहू उदंड पिकला होता. कोठारं भरून गेली, ढिगारे उघड्यावर पडले आणि बर्फ तोंडावर आलं. घेणारा एकच उरला होता, गव्हाचं इंधन करून गाड्यांना पुरवणारा हा कारखाना. आता मोटारींना भाकर भरवणार का, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या झानिबेकला टोमणे मारत. आई त्यावर कधी बोलली नव्हती. सकाळी एवढंच म्हणाली, की मीही येते.

फाटकाबाहेर ट्रकची रांग लागली होती. प्रत्येक ट्रकमधून थोडा थोडा गहू गळत होता आणि चाकांखाली चिखलात चिरडला जात होता. राबिगाच्या शालीच्या टोकात आता मूठभर दाणे जमले होते.

पहारेकरी पोरगेलासाच होता. तो धावत आला. फाटकासमोर सांडलेलाही कारखान्याचाच माल आहे, खाली टाका, नाहीतर चोरी म्हणून नाव लिहावं लागेल, असं त्यानं बजावलं. रांगेतले ड्रायव्हर माना बाहेर काढून बघू लागले.

"टाक ना आई," झानिबेक खेकसला. "मूठभर गव्हासाठी कशाला शोभा करून घेतेस?"

राबिगा सावकाश उठली. तिचा आवाज चढला नाही.

"तोही मूठभरच होता. कापणी झालेल्या सरकारी शेतात पडलेला. माझ्या आईला त्यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. ती तुरुंगातच गेली. तिनंही टाकून द्यायला हवा होता, नाही का रे?"

आजी तापानं गेली, असंच घरात झानिबेकला सांगत. कुठे गेली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

पहारेकऱ्याची मान खाली गेली. घेऊन जा आजी, तो पुटपुटला.

"तुझी मेहेरबानी नको मला," म्हणत तिनं शालीचं टोक सोडलं. दाणे परत चिखलात पडले. ती ट्रकमध्ये जाऊन बसली.

मागून भोंगे वाजू लागले. झानिबेकनं टोपी काढली, गुडघे टेकले आणि चिखलातला गहू दाणा न् दाणा टोपीत भरला. मग उठून ती पहारेकऱ्याच्या तोंडासमोर धरली.

"लिही आता," तो म्हणाला. "चोर म्हणून माझं नाव लिही."