कांद्याच्या मिशा

अकराव्या कांद्याच्या मिशा छाटून पार्बताबाईनं बारावा उचलला, तेवढ्यात शकुन न्हाणीतून बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आई, काय करून राहिली?"

"तुह्ये कांदे साफ करून राहिली. अशे मिशीवाले नेशील काय कॉलेजात?"

पार्बताबाईचं तिच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं. माळ्याच्या घरातून कांदा बाहेर पडतो तो मुळं छाटूनच. मिशांसकट कांदा अमरावतीच्या बाजारात मांडला, तर गिऱ्हाईक तोंडावर हसतं. पोरीला नागपूरहून येऊन चार दिवस झाले होते. आल्या दिवशीच तिनं बारा पेले पाण्यानं भरले आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकेक कांदा बसवला. घरात पाणी प्यायला पेला उरला नाही. बाराच का, हे पार्बताबाईनं विचारलं नाही. मास्तर लोकांना द्यायचे असतील, असं तिनं आपल्या मनानं ठरवून टाकलं.

शकुन ओरडली नाही. खाली बसली आणि ओसरीवर पडलेलं एक पांढरं मूळ तिनं बोटावर घेतलं.

"हे मूळच पायजे होतं, आई. कांदा नाही."

मग तिनं सांगितलं. मुळाच्या शेंड्याशी, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्या असतात. त्यांना पेशी म्हणायचं. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, म्हणून मूळ वाढतं. खोलीतले धागे आधी दुप्पट होतात, मधोमध रांगेत येतात, मग निम्मे या टोकाला जातात, निम्मे त्या टोकाला, आणि मध्ये भिंत चढते.

"म्हंजे भावाभावाची वाटणी," पार्बताबाई म्हणाली.

"वाटणीच. पण आधी सारं दुप्पट केलेलं असते. म्हणून दोघांलेही पुरं मिळते."

"मंग भांडणाचं कामच नाही."

शकुन हसली. "ते आज भिंगाखाली दिसलं पायजे. मागल्या साली कॉलेजच्या शिळ्या कांद्यानं घात केला. एकाही काचेवर पेशी फुटताना दिसली नाही. सारे नापास. आजही तसंच झालं, तर मले पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

पार्बताबाईनं हातातला कांदा खाली ठेवला. म्हणजे मागल्या साली पोरगी नापास झाली होती तर. म्हणूनच आल्या आल्या बजावलं, मी आली हे कोणाले सांगू नको. शेजारचा खुशालराव, शंभर एकर काळ्या जमिनीचा धनी, उठता बसता विचारायचा, "पार्बताबाई, शकुनचं शिकणं सरते का नाही? माहा पंजाब यंदा बीएस्सी होऊन राहिला." आणि आज आपण आपल्या हातानं पोरीचं आणखी एक वर्ष छाटून टाकलं.

"तू पुढं हो," ती म्हणाली. "कांदे मी आणते."

"अकराच्या आत, आई. नव्या मुळांचे."

मळ्याच्या खालच्या वाफ्यात उशिरा लावलेले कांदे होते, परवाच पाणी दिलेले. पार्बताबाईनं एकही कांदा ओढून काढला नाही. खुरप्यानं लांबून माती सोडवत गेली. चाळीस वर्षं मुळं छाटणारा हात आज मुळं जपत होता, आणि तिला स्वतःचंच हसू येत होतं. मातीच्या गोळ्यांसकट बारा कांदे तिनं ओल्या पोत्यात गुंडाळले, टोपली डोक्यावर घेतली आणि चालत निघाली. टांग्याच्या धक्क्यांवर तिचा भरवसा नव्हता.

अमरावतीच्या कॉलेजच्या दारात शेषराव शिपायानं तिला अडवलं.

"हे माह्या शकुनले द्या. तिची परीक्षा हाये."

"दहापासून बसलो मी इथं. अशी कोणी पोरगी आली नाही." त्यानं हातातली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "बारा नावं हायेत. बाराही पोरं. पण कांदे आना इकडं, परीक्षक त्याचीच वाट पाहून राहिले."

तो टोपली घेऊन आत गेला. पार्बताबाई व्हरांड्यात खाली बसली. कांदे वेळेवर नव्हते म्हणून पोरीचं नावच काढून टाकलं असणार.

समोरच्या बाकावर खुशालराव मुलासाठी थांबला होता. "शकुन बी आली काय परीक्षेले?" त्यानं विचारलं. "इतक्या वर्षांनी?"

पार्बताबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

दीड तासानं दार उघडलं आणि पंजाब धावतच बाहेर आला. "बाबा, दिसलं! धागे दोन्हीकडं जाऊन राहिले होते. मधली भिंत चढताना बी दिसली. बाराही जणांले."

पार्बताबाईनं मान वर केली. आपल्या कांद्याची पेशी फुटली होती, पोरीला बसू दिलं नाही तरी.

"शेंडा कापला, लाल रंगात ऊन केला, काचेवर चिरडला, का झालं," पंजाब सांगत होता. "परीक्षक लय कडक हायेत, बाबा. पण कांदा असा दिला का मागल्या साली नापास झालेले तिघंही निघाले."

"परीक्षक कोण हाये?" खुशालराव उठला. "नाव सांग. संध्याकाळी घरी जेवाले बोलावू."

पंजाबनं मागं पाहिलं, घाईघाईनं दारातून बाजूला झाला आणि हात जोडले. लाल झालेली बोटं रुमालाला पुसत शकुन बाहेर आली.