सोमवारची टोपी

कोल्हापूरच्या त्या फाउंड्रीत दर सोमवारी सगळे कामगार एक टोपी घालत. मिनिटभरात मेंदूला वाटे, आज कामाचा पहिलाच दिवस आहे. हातातलं कसब तसंच राही. कंटाळा आणि रुसवे तेवढे आठवडाभर पुसले जात.

एका सोमवारी सगळ्या टोप्या बंद पडल्या. शामलला दस्तगीरशी झालेलं जुनं भांडण लख्ख आठवलं. तिने पाठ फिरवली.

तेवढ्यात दस्तगीर दोन कप चहा घेऊन आला.

“नमस्कार. मी दस्तगीर. तुम्ही नवीन काय?”

“टोप्या बंद आहेत. तुम्हाला सगळं आठवतंय की!”

“आठवतंय. म्हणून तर आलो.”

शामलला हसू फुटलं. तिने कप घेतला.

“मी शामल. आजच लागले कामाला.”

भट्टीपर्यंत हशा पोचला, आणि जो तो शेजाऱ्याला आपलं नाव सांगू लागला.