गुडघ्याशी येणारा हात

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. समोर झेंडूची माळ घातलेला एक लोखंडी हात आहे आणि सगळे तुम्हाला म्हणताहेत, "घे बाळा, तुझ्या हाताने शकुन होऊ दे."

मृण्मयी अशीच उभी होती, आईचा पदर धरून.

सातपूरच्या त्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. मग शकुन म्हणून प्रत्येक यंत्र एकदाच चालवतात. हा लोखंडी हाताचा रोबोट तिच्या बाबांचा, गंगाधरचा जोडीदार. तो एकेक गिअर उचलून माणसाच्या हातात द्यायचा. किती उंचीवर द्यायचा, कधी सोडायचा, हे समोरच्याचा हात बघूनच तो शिकायचा.

बाबा ऑगस्टमध्ये गेले. डोक्यात गाठ आहे हे कळलं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. मृण्मयीची कट्टी तशीच राहून गेली.

कट्टी सायकलवरून होती. रोज तिची सायकल दोन जिने चढवून देणारे बाबा वार्षिक परीक्षेच्या सुमारास एकदम बदलले. "तुझी तू ने," म्हणायचे आणि खिशात हात घालून उभे राहायचे. आपण त्यांना नकोशा झालो, असं तिने मनाशी धरलं. ते अजून तिच्या मनातून गेलं नव्हतं.

स्नेहाताईने रोबोट सुरू केला. ही वर्कशॉपची इंजिनिअर. लोखंडी हाताने गिअर उचलला, वळला आणि खाली खाली येत पार गुडघ्याशी थांबला.

"बघा, परत गुडघ्याशी!" बाबांच्या जागी आलेला योगेश आईला म्हणाला. "शैलावहिनी, हा दादांचा लाडका जावई हाय. आमचं एक ऐकत नाय. वाकून वाकून माझी कंबर गेली. आणि गिअर पण लवकर सोडत नाय, चिकट लेकाचा!"

सगळे हसले. आईही ओठ दाबून हसली.

"तू वाकून घेतोस, मग तो वर कसा येईल? जुनं शिकलेलं पुसून टाकू आज," स्नेहाताई म्हणाली. "आधी बिघाड कुठे आहे ते बघते."

तिने स्क्रीनवर जुन्या नोंदी उघडल्या आणि एकेक महिना मागे सरकवत गेली.

"वहिनी, बिघाड नाहीये हा." तिचा आवाज उतरला होता. "ही रेघ बघा. मार्चपासून रोज थोडी थोडी खाली येतेय. गंगाधरदादांचा हात वर जात नव्हता. थरथरत होता. म्हणून हा खाली येत गेला. त्यांचा हात स्थिर होईपर्यंत गिअरचं वजन स्वतःच पेलून धरायला शिकला."

"मार्चपासून?" आई स्क्रीनजवळ सरकली. "मला एका शब्दाने बोलले नाहीत हो."

मृण्मयी स्क्रीनवरच्या त्या रेघेकडे बघत राहिली. मार्च. खिशात घातलेले हात. दोन जिने.

योगेशने मान खाली घातली. "राहू द्या ताई. नका पुसू. वाकीन मी."

स्नेहाताईनेही नोंदी पुसायच्या बटणावरचं बोट उचललं.

मृण्मयीने आईचा पदर सोडला. ती पुढे झाली आणि गुडघ्याशी थांबलेल्या त्या लोखंडी हाताखाली तिने ओंजळ धरली. ओंजळ थरथरत होती. गिअर तळव्याला टेकला, पण वजन आलं नाही. यंत्र थांबून राहिलं. हळूहळू तिचे हात स्थिर झाले, तेव्हा कुठे त्याने गिअर सोडला.

तिने तो नीट टेबलावर ठेवला.

"पुसा ना, ताई," ती म्हणाली. "नाहीतर याला वाटत राहील, बाबांचा हात अजून दुखतोय."

स्नेहाताईचं बोट काही पुढे होईना. मग मृण्मयीने चवड्यांवर उभं राहून स्वतःच बटण दाबलं.