सोमवारचा वाचक

पोलादपूरच्या स्टँडसमोरच्या फळ्यावर गोमाजीनं खडूनं लिहिलं, 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची एक कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकात येत आहे.' 'आनंद' पुसून त्यानं पुन्हा जरा ठळक काढला. खाली या सोमवारची नवी गोष्ट उतरवली, बारा ओळींची, आणि समोरच्या हॉटेलात चहा सांगून बसला.

बावीस वर्षं संपादकांनी त्याच्या कथा साभार परत केल्या होत्या. म्हणून पठ्ठ्यानं फळा धरला. दर सोमवारी एक गोष्ट. मंगळवारी ग्रामपंचायतीचा शिपाई नळाच्या पाण्याची वेळ लिहायला ती पुसून टाकायचा.

महाडच्या गाडीची माणसं आली ती फळ्याकडे पाठ करून उभी राहिली. एकजण तर चक्क टेकला, आणि गाडी लागल्यावर चार ओळी शर्टाच्या पाठीवर घेऊन महाडला चालता झाला. गोमाजीनं कपाळाला हात लावला. पण या लोकांचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याला भागोजी आबा यायला हवे होते.

उमरठकडच्या वाडीवरून दोन वर्षांमागं मुलाच्या घरी राहायला आलेले हे म्हातारबाबा दर सोमवारी फळ्यापुढे काठी टेकून पाच-दहा मिनिटं उभे राहायचे. ओठ हलत असायचे. मग हॉटेलाकडे वळून म्हणायचे, "आज लई लिवलंस," नाहीतर, "आज थोडकंच." गोमाजी ते भलतं मनावर घ्यायचा. 'लई' ऐकलं की पुढच्या गोष्टीतली विशेषणं छाटायचा. 'थोडकंच' ऐकलं की आठवडाभर एकच शेवट घोळवत बसायचा. असा पारखी वाचक पुण्यामुंबईच्या लेखकांना तरी मिळतो का, असं बायकोला ऐकवायचा. आजची बातमी त्यानं एवढ्या एका माणसासाठी लिहिली होती. आबा काय म्हणतात ते ऐकायला त्याचा जीव टांगणीला लागला होता.

नऊ वाजले. आबा आले नाहीत, त्यांची सून रूपाली आली. डोळे सुजलेले. आबा पहाटे गेले, मुंबईला कामाला असलेला तिचा नवरा निघालाय, गावाला कळायला फळ्यावर तेवढं लिहा, असं तिनं कसंबसं सांगितलं.

गोमाजीनं फडकं घेतलं. आपली बातमी पुसली, गोष्ट पुसली. रडू येत होतं, तरी अक्षर त्यानं हलू दिलं नाही. 'दुःखद निधन. वाचनाची अतिशय आवड असलेले उमरठचे भागोजी आबा यांचे आज पहाटे निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी तीन वाजता.'

रूपालीनं ते वाचलं. पदरानं डोळे पुसून परत वाचलं.

"काका, वाचनाची आवड कुठली? आबांना अक्षर येत नव्हतं. अंगठा लावायचे ते."

"मग दर सोमवारी इथं उभे राहायचे ते?"

"सोमवारी दवाखान्यात जायचे ना, बीपी बघायला. चढ चढून दम लागायचा. फळ्याच्या सावलीत थांबायचे, विठ्ठलाचं नाव घेत." मग ती हळूच म्हणाली, "ती ओळ पुसा काका. खोटं हाय, लोक हसतील."

गोमाजीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. महाडहून आलेल्या गाडीतली माणसं उतरून फळ्यापाशी जमायला लागली होती.

"ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला. "लोक वेळ तेवढी वाचतात."