अनंताचे गंजीफ्रॉक

बायजाने तिसरा गंजीफ्रॉक उसवला आणि कात्री खाली ठेवली.

पहिले दोन तिने सवयीने उसवले होते. खांद्यावर आणि कुशीत कात्री लावायची, कापड उलगडायचं, जमिनीवर पसरायचं. गंजीफ्रॉकचं कापड तसं वांड. कापलं की कडेने गुंडाळत जातं, म्हणून ते गोधडीच्या वर कोणी लावत नाही. दोन जुन्या लुगड्यांच्या मध्ये घालतात. गोधडी अंगाला मऊ लागते ती मात्र त्याच्यामुळेच. उरलेल्या चिंध्या उशीत जातात. बायजाने अशा गोधड्या किती शिवल्या असतील, त्याला गणती नव्हती. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

तिन्ही गंजीफ्रॉक एकाच जागी विरले होते. मानेच्या खाली, पाठीवर, आणि उजव्या खांद्याला. बाकीचं कापड धडधाकट. तिने एक दारात नेऊन उजेडाला धरला. पाठीची नुसती जाळी झाली होती. विणीत तागाचे तपकिरी धागे अडकले होते, धुऊनही न निघालेले. बायजाचा नवरा बाळाजी वीस वर्षं मिठागरावर ओझी वाहत होता. ओझ्याने कापड कुठे झिजतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. खुर्चीवर बसणाऱ्याचं कापड काखेत कुजतं. हा माणूस पाठीवरून गोणी वाहत होता.

आणि हा माणूस, तिचा होणारा जावई अनंता, तर मुंबईला गोदीच्या ऑफिसात कारकून होता. निदान त्याचा बाप धर्माजी तसं सांगत होता. बायजाच्या लेकीच्या, राहीच्या साखरपुड्याला त्याने भर पंगतीत तीनदा सांगितलं. टेबल सांगितलं, डोक्यावरचा पंखा सांगितला, गोरा साहेब जाऊन आता आपला साहेब आलाय आणि तो अनंताला नावाने हाक मारतो, तेही सांगितलं. धर्माजीच्या तोंडाला बांध असा नव्हताच. बाळाजी भुलला. पोरीला मिठाच्या टोपल्या उचलाव्या लागणार नाहीत, याच्यापुढे त्याला काही दिसलं नाही. अनंता स्वतः खाली मान घालून जेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या लाँचने मुंबईला गेला.

गाठोडं अनंताच्या आईने, सोनाबाईने धाडलं होतं. पोराचे जुने गंजीफ्रॉक आहेत, राहीच्या गोधडीत घाल, असा निरोप होता. नवऱ्यामुलाचे कपडे नवरीच्या गोधडीत घालायची काही रीत नाही. बायजाला उलट कौतुकच वाटलं होतं. सासूला हौस आहे म्हणून ती शेजारणीला दाखवूनही आली होती.

राही तांदूळ निवडत बसली होती. बायजाने तिन्ही गंजीफ्रॉक तिच्या पुढ्यात टाकले आणि काय ते सांगितलं. राहीने एक उचलला. जाळीतून तिची बोटं आरपार गेली.

"हमाल हाय तर हाय," ती म्हणाली. "बाबा तरी कुठं मामलेदार हाय? पन खोटं बोलून नेतात, त्या घरात मी न्हाय जायची, आये."

झालेला साखरपुडा मोडायचा म्हणजे पोरीच्या नावाला बट्टा. पुढे प्रत्येकजण कारण विचारणार, आणि कारण ऐकून घ्यायला कोणी थांबणार नाही. बायजाला राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. तरी तिने गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि खाडीच्या बांधावरून चालत सोनाबाईचं गाव गाठलं. काय काय बोलायचं ते ती वाटभर जुळवत होती.

सोनाबाई अंगणात जवळा सुकत घालत होती. धर्माजी बाहेर गेला होता. गाठोडं बघून ती उठली आणि लुगड्याला हात पुसले. बस म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही.

"किती उसवलंस?"

"तीन."

"मला वाटलं व्हतं, पैल्यालाच कळंल तुला."

बायजाने गाठोडं डोक्यावरून उतरवून काखेत घेतलं.

"म्हंजे तुला ठावं हाय?"

"सुट्टीला आला का त्याच्या पाठीला तेल मीच लावते. पोर खोटं बोलत न्हाय. तो गोदीत हाय म्हनतो. ऑफिस त्याच्या बापानं जोडलं."

"मंग तोंडानं सांगायचं व्हतंस."

"भरल्या पंगतीत नवऱ्याला खोटं पाडू? मला ह्याच घरात रावायचं हाय, बायजा. तू गोधड्या शिवतेस. तुझ्या हातात गंजीफ्रॉक दिलं, माझं सांगून झालं."

जवळ्यावर माश्या बसत होत्या. सोनाबाईने हात हलवून त्या उडवल्या.

"माझ्या वक्ताला सांगितलं व्हतं, ह्यांचं सवताचं मिठागर हाय. लग्नाच्या पाचव्या दिशी मी दुसऱ्याच्या आगरात मीठ ओढायला गेले. तीस वर्सं झाली. माझ्या आईकडं असं गाठोडं कुनी धाडलं न्हवतं." ती पुन्हा खाली बसली. "मोडायचं तर मोड. मी तुला बोल लावनार न्हाय."

परत द्यायला आणलेलं गाठोडं अजून बायजाच्या काखेत होतं. मग तिने चुंबळ नीट केली आणि ते पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"पोर मी तुझ्या लेकाला न्हाय देत, सोनाबाय," ती म्हणाली. "तुला देते."