रतनआक्काची जागा

"दिवा माझ्याच जागी लाव हो कुंदे. भलतीकडे ठेवलास तर मी शोधत बसेन."

हॉस्पिटलला नेताना, रिक्षात बसता बसता रतनआक्काने हे सांगितलं होतं. कुंदा "लावीन" म्हणाली होती, तेही तिला गप्प करायला. आता आक्का गेली होती. काल विद्युतदाहिनीत सगळं आटोपलंही होतं. आणि कुंदा जोगेश्वरीच्या बायकांच्या निवाऱ्यात, आक्काच्या खाटेपाशी पणती आणि काडेपेटी घेऊन उभी होती.

खाटेवर दुसरीच बाई बसली होती. सकाळीच आलेली. पिशवी मांडीवर घट्ट धरून, आत्ता कोणी उठवेल अशा धास्तीने टेकलेली. कुंदाला बघून घाईघाईने म्हणाली, "मॅडमनी दिलीय मला ही."

कुंदा स्वतः इथे आली तेव्हा अशीच बसली होती. तेव्हा आक्काच म्हणाली होती, "पिशवी खाली ठेव गं. इथं चोरीबिरी होत नाही. फक्त घोरून जीव घेतात."

निवारा सांभाळणारी माधुरी पोरगी चांगली. तिने कुंदाला बाजूला नेलं. "मावशी, खाट रिकामी नाही ठेवता येत हो. बाहेर बायका थांबल्यात. आणि आत काडी ओढायची नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. म्हणून तर आक्का तिन्हीसांजेला ट्यूबलाइट लागली की तिलाच हात जोडायची. "आपली समई बघ, न लावता लागते," म्हणायची. पण हात जोडल्यावाचून एक संध्याकाळ गेली नाही.

"आणि मालाडची ती खोली?" कुंदाने विचारलं.

"ती दोघींच्या नावावर होती ना, मावशी. एकटीला नाही देत. दुसरी कोणी मिळेपर्यंत कुलूपच. माझ्या हातात असतं तर..."

खोली बघायला दोघी मागच्या महिन्यात गेल्या होत्या. बेघर बायकांसाठी एका संस्थेने घेतलेली ती खोली. भाडं संस्था भरणार, अधूनमधून एक ताई येऊन विचारपूस करणार, बाकी दोघींनी एकमेकींना सांभाळून राहायचं. त्या दिवशी किल्लीवाला आलाच नाही. तळमजल्याची खिडकी उघडी होती, तिच्यातूनच आत डोकावल्या. आक्काला काय वाटलं कोण जाणे, तिने गजांतून हात घातला आणि एसटीत टाकतात तसा आपला रुमाल आत फरशीवर टाकला.

"धरली! खिडकीकडची माझी. तू दाराकडे झोप."

"आक्का, खोली आहे ही. साताऱ्याची गाडी नाही."

"असू दे. रुमाल पडला की पडला. मग कंडक्टरसुद्धा उठवत नाही."

दोघी किती हसल्या होत्या.

आक्काची जागा म्हणजे तरी कुठली? कुंदा अंधेरीला गेली. तिथल्या पुलाखाली आक्काने बरीच वर्षं काढली होती. आता तिथे जाळी होती, जाळीआड कुंड्या, खांबांवर रंगवलेले मोर. कुंदा जाळीलगत वाकली तोच रखवालदार ओरडला.

"ओ मावशी, इधर नहीं बैठने का!"

"बसत नाही रे बाबा. एक दिवा ठेवायचाय. माणूस गेलंय."

तो नजर चुकवत म्हणाला, "देवळात ठेवा ना. इथं ठेवलात तर माझी नोकरी जाईल."

पुलाच्या आधी आक्काला घर होतं, नवऱ्याचं. नवरा गेल्यावर ते दिराने घेतलं. त्याआधी माहेर, ते भावाचं. आक्का म्हणायची, "जिथं पाठ टेकली तिथं 'ऊठ' म्हणणारं कोणीतरी निघालंच बघ." म्हणजे एवढ्या मोठ्या मुंबईत आक्काची म्हणावी अशी वीतभर जमीन नव्हती.

कुंदा बसस्टॉपवर टेकली. ऊन उतरत चाललं होतं. देवाला सांगावं तर काय सांगावं, तेही सुचेना. तिला स्वतःचाच राग आला. जमणार नव्हतं तर 'लावीन' म्हटलं कशाला?

निदान वात तरी वळून ठेवावी, म्हणून तिने आक्काची पिशवी उघडली. हॉस्पिटलातून परत आणलेली. फणी, एक पोलकं, देवीचा चुरगळलेला फोटो, तळाशी थोडं तेल उरलेली खोबरेलाची बाटली. वातीला आक्काचा रुमाल फाडावा म्हणून ती रुमाल शोधू लागली. पोलकं झटकलं. पिशवी उलटी केली. रुमाल नव्हता.

कुंदाचे हात थांबले.

मग तिने आपल्याच जुन्या पदराचा काठ दाताने फाडला. मांडीवर घासून वात वळली. बाटलीतलं खोबरेल पणतीत ओतलं आणि ती पदराआड जपून धरली. दिवेलागणीला अजून थोडा अवकाश होता. खिडकी तळमजल्यावर होती. गजांतून हात आत जात होता.

समोर मालाडची बस येऊन थांबली. कुंदा उठली. खोलीला अजून कुलूप होतं. म्हणजे रुमाल कोणी उचललेला नसणार.